ओट्यावरचं ताट

शीतलचं पत्र आलं तेव्हा श्रावण होता. शेळी बांधायची जागा चिखलानं भरली होती आणि पोस्टमन दारातूनच ओरडला होता, "नाना, हातानं लिहिलेलं पत्र हाय! आजकाल बँकेबिगर कोणी कोणाला लिहितं का?" कडूबानानांनी पत्र घेतलं, चष्मा शोधला, उभ्या उभ्या वाचलं आणि घडी घालून एका जाडजूड पुस्तकात ठेवून दिलं. आता संक्रांत उलटली होती. पत्र त्याच पुस्तकात होतं. एवढ्या दिवसांत नानांनी ते पुस्तक उघडलं नव्हतं, पण जाता-येता फळीवरच्या त्या पुस्तकाकडे नजर जायची आणि कुणी हाक मारल्यासारखं चोरट्यागत व्हायचं.

पत्र मोठं नव्हतं. त्यांना ते पाठच झालं होतं.

"बाबा, फोनवर तुम्ही 'बरंय' म्हणता आणि ठेवून देता, म्हणून लिहितेय. कागदावर तुम्हाला खोटं बोलता येत नाही, हे मला लहानपणापासून माहीत आहे. मागच्या खेपेला आले तेव्हा तुमच्या सदऱ्यात दोन माणसं मावली असती. रक्तदाबाच्या गोळ्यांची पाकिटं तशीच होती. आई एका दिवसात गेली. तुम्हीही चालला आहात, फक्त हळूहळू. मी कॉलेजातल्या पोरांना एक काम देते. रोज स्वतःसाठी काय करायचं, त्याची एक चेकलिस्ट करायची. मोठं काही नको. वेळेवर जेवणं, पाणी पिणं, कुणाशी तरी बोलणं. झालं की पुढे खूण करायची. तुम्ही तुमची करा आणि तुमच्या अक्षरात मला पाठवा. ती आली की मी समजेन, बाबांचं राहायचं ठरलंय."

शीतल नाशिकच्या एका कॉलेजात समुपदेशक होती. रडवेल्या पोरांना समोर बसवून बोलतं करायचं, हे तिचं काम. बापाला मात्र तिला कधी बोलतं करता आलं नव्हतं. त्यात तिचा दोष नव्हता. नाना मुळातच तसे. मंठ्याच्या वाचनालयात त्यांनी उभी हयात काढली. कुणाला कोणतं पुस्तक द्यायचं हे माणसाच्या चपलेवरून ओळखायचे, पण पुस्तक देताना मान खालीच. निवृत्तीच्या समारंभात बोलायला उभं केलं, तर "सगळ्यांचे आभार" एवढं म्हणून खाली बसले आणि घरी येऊन दुर्गाबाईला म्हणाले, "चुकलं का गं माझं?"

पत्राला उत्तर न देण्याचं कारण आळस नव्हता. 'स्वतःसाठी' हा शब्द त्यांना अडला होता. सकाळचं पाणी दुर्गाबाई हातात द्यायची. गोळी तळहातावर ठेवायची आणि गिळेपर्यंत समोर उभी राहायची. सदरा कुठला घालायचा, कुठला धुवायला टाकायचा, पाय कधी दुखतात, हे तिलाच आधी कळायचं. मागच्या चैत्रात ती दळण निवडता निवडता एका अंगावर कलंडली आणि उठलीच नाही. त्यानंतर नानांना उमगलं, की आपला देह आजवर दुसऱ्याच्या सांभाळात होता आणि आपल्याला त्याची नीट ओळखही नाही.

प्रयत्न त्यांनी केला होता. दिवाळीनंतर एकदा वाचनालयात गेले. त्यांच्या जागी आता अक्षता नावाची मुलगी होती, हुशार आणि तोंडाची फटकळ. नानांनी आरोग्याच्या कपाटातली पुस्तकं काढली आणि दुपारभर बसून यादी उतरवून घेतली. पहाटे उठणे. तांब्याच्या भांड्यातलं पाणी. अंगाला तेल. श्वासाचे व्यायाम. सकारात्मक विचार. आरशात बघून हसणे. सुवाच्य अक्षरात एकतीस कलमं झाली.

अक्षतानं खांद्यावरून वाकून वाचलं. "नाना, हे सगळं करायचं म्हणलं तर दिवस मावळून जाईन. मंग जेवायचं कधी?"

"त्यात आहे की. बाविसावं."

"भूक बाविसाव्या नंबराला लागती व्हय तुम्हाला?" ती हसली, आणि मग त्यांच्या गळ्याची हाडं दिसली तशी हसू आवरून म्हणाली, "चहा मागवू का, नाना?"

नाना नको म्हणाले. वाटेत त्यांनी कागद फाडून टाकला. त्यातलं एकही कलम त्यांचं नव्हतं. दुसऱ्याच्या अंगाचे कपडे घालून फोटो काढल्यासारखं ते झालं होतं.

'कुणाशी तरी बोलणं' हे शीतलनं सहज लिहिलं होतं. ती विसरली असावी, की अंगणात नानांखेरीज एकच माणूस राहत होतं आणि त्या माणसाशी नाना जन्मात एकदाही बोलले नव्हते.

ती पुष्पाबाई. नानांचा धाकटा भाऊ भारत, त्याची बायको. एका अंगणाच्या दोन बाजूंना दोघा भावांच्या दोन-दोन खोल्या, मधे गुडघाभर उंचीचा दगडी ओटा. पुष्पाबाई लग्न होऊन आली तेव्हा अठरा-एकोणीस वर्षांची असेल. नवऱ्याचा थोरला भाऊ म्हणजे भासरा. त्याच्यासमोर डोक्यावरचा पदर ढळू द्यायचा नाही, त्याच्याशी समोरासमोर बोलायचं नाही, त्यानंही धाकट्या भावजयीला नावानं हाक मारायची नाही. खाकरायचं, म्हणजे ती आत जाते. गावात पुढं सगळीकडं हे सैल झालं. या अंगणात राहिलं, कारण सैल करायला कुणीतरी आधी बोलावं लागतं, आणि नानांना ते जमलं नाही. भारत गेला, पुष्पाबाईचे केस पांढरे झाले, तिचा मुलगा सोमेश्वर वाळूजला कंपनीत लागला, तरी दोघांमधे शब्द नाही. काही अडलं नाही, कारण मधे दुर्गाबाई होती. इकडचं तिकडं, तिकडचं इकडं तीच पोचवायची.

दुर्गाबाई गेली आणि निरोप्याच गेला.

मग पुष्पाबाईनं एक रीत पाडली. तिच्या चुलीवर दोघांचा स्वयंपाक व्हायचा. नानांचं ताट वाढून ती ओट्यावर ठेवायची, वर दुसरं ताट उपडं घालायची आणि त्यावर उलथन्यानं दोनदा वाजवायची. मग आत. नाना खाकरत यायचे, ताट न्यायचे, जेवून घासून ओट्यावर पालथं ठेवायचे. काही सांगायचंच असलं तर शेळी होती. तिचं नाव चंद्री.

"चंद्रे, आज वरणात मीठ कमी पडलंय म्हण. सांभाळून घ्या म्हण."

इकडून नाना पुस्तकाआडून म्हणायचे, "चंद्रे, बराबर हाय म्हण."

चंद्री दोघांकडं आळीपाळीनं बघायची आणि पाला ओढायची.

ताट मात्र नाना पुरतं खायचे नाहीत. दोन घास पोटात गेले की दुर्गाबाईची रिकामी जागा समोर दिसायची आणि तिसरा घास फिरायचा. उरलेली भाकरी ते गुपचूप चंद्रीपुढं टाकायचे. ताट लख्ख होऊन ओट्यावर जायचं. पुष्पाबाईला वाटत असेल, नाना जेवतात. चंद्री तेवढी गुबगुबीत झाली होती.

संक्रांतीनंतरच्या त्या दिवशी नानांनी अखेर ते पुस्तक उघडलं. पत्र पुन्हा वाचलं. 'बाबांचं राहायचं ठरलंय.' कोरा कागद घेतला, तारीख घातली आणि लिहिलं, 'सकाळी'. त्यापुढं पेन चालेना. सकाळी काय? सकाळी जाग येते, एवढंच. ती का येते ते कळत नाही. हे मुलीला कसं लिहायचं? पेनाचं टोपण लावून ते भिंतीकडं तोंड करून पडले. उन्हं उतरली, दिवेलागण झाली.

उलथन्याचा आवाज आला. टण टण.

नाना उठले नाहीत.

थोड्या वेळानं पुन्हा टण टण. मग पुष्पाबाईचा आवाज, "चंद्रे, भरीत हाय म्हण. निवून राह्यलंय म्हण."

नाना पडून राहिले. मनात म्हणाले, एक दिवस जेवलो नाही तर कुणाचं काय बिघडतं? आपलं पोट, आपली भूक. अंगणात पावलं वाजली, ओट्यापाशी थांबली, परत गेली. पलीकडचं दार लोटल्याचा आवाज आला. नानांना झोप लागली.

सकाळी खराट्याचा आवाज आला नाही म्हणून त्यांना जाग आली. रोज पुष्पाबाई अंगण झाडायची, त्या खरखरीनंच ते उठत. आज चंद्री ओरडत होती, धार काढली नव्हती. ओट्यावर रात्रीचं ताट तसंच झाकलेलं होतं. कडेनं मुंग्यांची ओळ लागली होती.

नाना पुष्पाबाईच्या दारापर्यंत गेले आणि रीतीप्रमाणं खाकरले. आतून काही नाही. पुन्हा खाकरले. दार नुसतं लोटलेलं होतं. बाईमाणूस एकटी, आपण भासरे, आत जायचं कसं? ते मागं फिरले, ओट्यावर टेकले. नसेल उठली, थंडी आहे, म्हणाले. मग चंद्रीकडं बघून जरा मोठ्यानं म्हणाले, "चंद्रे, आज अंगण झाडायचं न्हाई का म्हण."

उत्तर नाही. ऊन ओट्यावर चढलं. नाना पुन्हा दारात गेले. या वेळी आतून कसलासा आवाज आला, भांडं घरंगळल्यासारखा. नानांच्या तोंडून आयुष्यात पहिल्यांदा ते नाव निघालं.

"पुष्पा!"

स्वतःचाच आवाज त्यांना परका वाटला. त्यांनी दार ढकललं.

ती पिठाच्या डब्याला टेकून जमिनीवर बसली होती. कपाळावरून घामाच्या धारा, एवढ्या थंडीत. डोळे अर्धवट उघडे. नानांना बघताच तिचा हात थरथरत वर आला, खांद्यावरचा पदर चाचपू लागला. पदर सापडत नव्हता. बोटं नुसतीच हवेत फिरत होती.

नानांना ते बघवलं नाही. त्यांनी पुढं होऊन पदर तिच्या डोक्यावर घातला.

तिला साखरेचा आजार आहे, गोळी चालू आहे, एवढं दुर्गाबाईकडून त्यांना माहीत होतं. घाम, थरथर, ग्लानी. कुठल्याशा पुस्तकात वाचलेलं आठवलं, साखर उतरली की गोड द्यायचं. तिच्या फळीवर गोड काहीच नव्हतं. नाना धावत आपल्या स्वयंपाकघरात गेले. दुर्गाबाईचा गुळाचा डबा ती गेल्यापासून कुणी उघडला नव्हता. झाकण घट्ट बसलेलं. त्यांनी ते दाताखाली धरून उपसलं, खडा पाण्यात चुरला.

"पी. घोट घे. गिळता येतं ना? पी म्हणतो ना!"

ती पाण्याचा घोट घ्यायची आणि डोळे मिटायची. अर्धा तांब्या गेल्यावर डोळे नीट उघडले. तिनं तोंड भिंतीकडं वळवलं, भासऱ्यासमोर बसलेय म्हणून.

नानांनी रस्त्यावर येऊन शेजारच्या बद्रीनाथला हाका मारल्या. तो रिक्षा पुसत होता. नानांचा एवढा मोठा आवाज गल्लीनं कधी ऐकलाच नव्हता, म्हणून तो फडकं टाकून पळतच आला. "काय झालं, नाना? जल्दी बोला!"

दवाखान्यातली डॉक्टर तरुण होती. तिनं बोटाला सुई टोचून साखर बघितली, सलाईन लावलं. पुष्पाबाई सलाईनच्या हातानंच पदर ओढू लागली. "आजी, राहू द्या. सुई निघेल. रात्री साखरेची गोळी घेतली होती?"

"घेतली."

"आणि जेवण?"

डॉक्टरनं पुन्हा विचारलं. नाना पायाशी उभे होते, खाली फरशीकडं बघत. पुष्पाबाई त्यांच्याकडं न बघता सलाईनच्या बाटलीकडं बघून म्हणाली, "ताट आलं न्हाई."

"कोणतं ताट?"

पुष्पाबाईनं डोळे मिटले. डॉक्टरला वाटलं, ग्लानीत बोलतेय. तिनं कागदावर काहीतरी लिहिलं आणि पुढच्या खाटेकडं वळली.

नानांना मात्र कळलं, आणि कळलं तसे ते भिंतीला धरून खाली बसले. घरातला पुरुष जेवून त्याचं ताट परत आल्याशिवाय ती जेवत नव्हती. आपली आई जेवत नसे, दुर्गाबाई जेवत नसे. नानांनी ते जन्मभर पाहिलं होतं आणि कधी बघितलंच नव्हतं. जे ताट आपण चंद्रीपुढं रिकामं करत होतो, त्याची कुणीतरी पलीकडं उपाशी वाट बघत होतं. आपलं पोट, आपली भूक, म्हणाले होते ते.

पुष्पाबाई दोन दिवसांनी घरी आली. दुपारी अंगणात ऊन होतं. ती तिच्या उंबऱ्याशी बसली, नाना ओट्यावर.

"चंद्रे," पुष्पाबाई हळूच म्हणाली, "नानांना म्हणावं, फुकटचा तरास झाला तुम्हाला."

नाना म्हणाले, "शेळीला मधी घेऊ नको आता."

ती दचकली. मग पदराआडून म्हणाली, "मंग कोणाला घेऊ? बाई तर गेल्या."

तिच्या तोंडचं 'बाई' म्हणजे दुर्गाबाई. थोरल्या जावेला ती बाई म्हणायची. त्या एका शब्दावर दोघंही थांबली. गेल्या चैत्रापासून दोघं एकाच बाईसाठी झुरत होती, ओट्याच्या दोन बाजूंना, आणि एकमेकांना तसं म्हणायची सोय नव्हती.

"तू जेवली का?" नानांनी विचारलं. विचारताना त्यांचे कान तापले.

"जेवले. तुमचं ताट आल्यावर."

"पुरतं जेवत जा."

"तुम्ही बी जेवत जा की." ती पदराआड हसल्यासारखी वाटली. "चंद्रीचं पोट बघून राह्यले मी दिवाळीपासून. म्हणलं, शेळी गाभण हाय का काय!"

नाना ओशाळले. मान आणखी खाली गेली. पुष्पाबाईनं जमिनीवर बोटानं रेघ ओढली, पुसली, पुन्हा ओढली.

"एक इचारू का, नाना?"

"विचार."

"बाई सांगायच्या, तुम्ही म्हणता पुष्पाच्या भाकरीला जसा पापुद्रा येतो तसा कोणाच्याच भाकरीला येत न्हाई. सोमेश्वरचे बाबा गेले तवा मी चूल पेटवायचीच सोडली होती. तवा बाई आल्या, म्हणल्या, नाना इचारून राह्यले, पुष्पाची भाकर का बंद झाली. त्या दिवशी उठले मी. पीठ मळलं. म्हणलं, मोठ्या माणसाला आपली भाकर लागते." ती थांबली. "म्हणायचे ना तुम्ही?"

नानांनी आठवून पाहिलं. ते असं कधी म्हणाले नव्हते. भाकरी कुणाच्या हातची आहे हे त्यांनी कधी विचारलंही नव्हतं. पुस्तक डाव्या हातात धरून उजव्यानं जेवणारा माणूस तो.

"म्हणायचो," नाना म्हणाले.

थोड्या वेळानं त्यांनाही एक गोष्ट आठवली. भारतचा अंत्यविधी करून आले त्या संध्याकाळी ते कोपऱ्यात बसून होते. धाकटा भाऊ गेला, आपल्यासारखा निरुपयोगी माणूस मागं राहिला, असं मनात घोळत होतं. दुर्गाबाई जवळ येऊन म्हणाली होती, "पुष्पा म्हणत होती, नाना घरात नुसते बसलेले असले तरी आधार वाटतो." त्या एका वाक्यावर त्यांनी पुढची कित्येक वर्षं काढली होती.

"तू दुर्गाला सांगितलं होतं का," त्यांनी विचारलं, "की नाना घरात बसलेले असले तरी आधार वाटतो?"

पुष्पाबाईचं बोट रेघेवर थांबलं. मग ती म्हणाली, "म्हणलं असन मी."

ते थांबणं नानांनी ओळखलं. थोड्या वेळापूर्वी ते स्वतः तसेच थांबले होते.

म्हणजे निरोप नव्हतेच. इकडून काही जात नव्हतं आणि तिकडून काही येत नव्हतं. मधे उभी राहून दुर्गाबाई दोन्ही ओंजळींत आपल्याच पदरचं घालत होती. भाकरीचं कौतुक तिचं, आधाराचं बोलणंही तिचंच. तिच्या खोट्यावर दोन माणसं जगली. आणि तिला काय मिळालं? नाना तिच्याशी समोरासमोर बोलायचे, मधे गोड करून सांगणारं कुणी नव्हतं. ते म्हणायचे, "पाणी दे." म्हणायचे, "चष्मा कुठाय?" तुझी भाकरी चांगली होते, हे तिला कुणी सांगितलं? तिच्या बाजूनं कोण उभं होतं?

नानांच्या डोळ्यांतून पाणी आलं. ते पुसायला त्यांनी चष्मा काढला नाही. पुष्पाबाईनं पाहिलं, आणि पहिल्यांदाच तोंड वळवलं नाही. तीही रडत होती.

"बाईंना मी कधी म्हणले न्हाई," ती म्हणाली, "की बाई, तुम्ही हाव म्हणून मी हाव."

"मीही नाही," नाना म्हणाले.

रविवारी सोमेश्वर आला. चांगला पोरगा. आईचे रिपोर्ट बघून घाबरला होता. "नाना, तिला घेऊन जातो. तिकडं दवाखाना जवळ हाय, तुमची सून घरीच असती. इथं परत असं झालं तर?"

नानांच्या मनात एक वाक्य तयार झालं. राहू दे तिला, आता कुठं बोलायला लागलो आहोत. पूर्वी ते दुर्गाबाईला म्हणाले असते आणि दुर्गाबाईनं ते योग्य जागी, योग्य वेळी, जरा गोड करून पोचवलं असतं. आता ते वाक्य न्यायला कुणी नव्हतं. शिवाय पोरगा बोलत होता ते खरं होतं. नाना म्हणाले, "बराबर हाय. घेऊन जा."

चंद्री बद्रीनाथकडं दिली. तोच रिक्षा घेऊन आला. पिशव्या चढल्या. पुष्पाबाई नानांच्या पाया पडली, उठली, आणि सोमेश्वरसमोर, बद्रीनाथसमोर, सरळ नानांना म्हणाली, "ताटाचं काय करणार?"

सोमेश्वर बघतच राहिला. आईला नानांशी बोलताना त्यानं जन्मात ऐकलं नव्हतं.

"मी करीन."

"काय येतं तुम्हाला?"

"वरणभात."

"खोटं."

"शिकीन."

तिनं पदर सारखा केला. "तुमचं झाल्याबिगर माझ्या घशाखाली उतरत न्हाई, नाना. आता ह्या वयात ती सवय कशी मोडू?"

रिक्षा गेली. नाना ओट्यावर येऊन बसले. दोन्ही बाजूंची दारं बंद. ओट्याच्या दगडावर ताट ठेवून ठेवून एक गोल गुळगुळीत झाला होता, तेवढा उन्हात चमकत होता.

त्या संध्याकाळी त्यांनी कुकर लावला. शिट्ट्या मोजायचं विसरले. भात खाली लागला, वरणात मीठ जास्त झालं. ताट वाढून ओट्यावर आणून बसले आणि जेवले. दुर्गाबाईची जागा समोर होतीच. तिसरा घास फिरला. त्यांनी पाण्याचा घोट घेऊन तो उतरवला, मग चौथा घेतला. ताट घासलं, पालथं ठेवलं, आणि सोमेश्वरच्या घरी फोन लावला. फोन म्हणजे त्यांना संकटच. पलीकडून उचलेपर्यंत दोनदा ठेवून द्यावासा वाटला.

"मी बोलतोय. ताट झालं."

पलीकडं पुष्पाबाई नुसती 'हं' म्हणाली. मग, "काय होतं ताटात?"

"वरणभात. मीठ जास्त पडलं."

"अर्ध्या चमच्यानं टाकत जा. सगळं खाल्लं?"

"चंद्री नाही इथं."

ती हसली. मग म्हणाली, "मंग आता मी बसते." नाना फोन ठेवणार होते. ठेवला नाही. पलीकडं ताटावरचं झाकण उचलल्याचा आवाज आला, तो ऐकून मग ठेवला.

असे काही दिवस गेल्यावर एका सकाळी नानांनी पुन्हा तो कागद घेतला. 'सकाळी' या शब्दापुढं जागा तशीच होती. त्यांनी लिहायला सुरुवात केली आणि पेन थांबलं नाही. अक्षर थोडं वाकडं आलं.

"सकाळी उठल्यावर अंगण झाडणे. खराट्याचा आवाज झाला पाहिजे.

गोळी तळहातावर ठेवून घेणे. पाण्यासोबत. गिळेपर्यंत उभं राहणे.

दोन्ही वेळा जेवणे, ताट पुरतं रिकामं करणे. जेवताना पुस्तक नाही. भाकरी शिकायची आहे, अजून फुगत नाही.

रात्री वाळूजला फोन करून ताट झालं म्हणून सांगणे. तिकडं झाकण वाजल्याशिवाय फोन ठेवू नये. 'बरंय' म्हणू नये, काय खाल्लं ते सांगावं.

तुझ्या आईला रोज एक चांगली गोष्ट मोठ्यानं सांगणे. उशीर झाला आहे, तरी.

शीतल, तू स्वतःसाठी काय करता ते लिही म्हणाली होतीस. यात तसं काही आहे की नाही, मला सांगता येत नाही. तुझ्या पोरांच्या यादीसारखी ही झाली नसेल. उत्तराला उशीर झाला, त्याचं कारण कधी समोर बसून सांगेन. जमेल असं वाटतं. तुझ्या पत्रातलं शेवटचं वाक्य मी रोज वाचतो."

पाकीट चिकटवून नाना एसटी स्टँडजवळच्या पोस्टाच्या पेटीकडं गेले. वाटेत दोनदा थांबले. 'जमेल असं वाटतं' हे वाक्य नको होतं, असं वाटलं. मुलीला काय वाटेल, अर्धवट लिहिलंय, फाडून नीट लिहावं. बाजारचा दिवस होता. कापसाची गाडी रस्त्यात अडली होती, मागं रिक्षांची रांग. त्या रांगेतून बद्रीनाथनं हाक मारली, "नाना, कुठं निघाले? सोडू का?"

"पेटीपर्यंतच," नाना म्हणाले. आणि मग, आपणहून, "चंद्री कशी हाय?"

"वाळून राह्यली हो! आमच्या इथं भाकरी कोण टाकतंय तिला!"

नाना पेटीपाशी पोचले. पाकीट फटीत अर्धं सरकवलं आणि धरून ठेवलं. बोटं सोडत नव्हती. "चुकलं का गं माझं?" असं त्यांनी हलक्या आवाजात विचारलं. मग त्यांनी बोटं उघडली, आणि पाकीट पेटीच्या तळाशी पडल्याचा आवाज आला.